चेंबर नटला चुंबक: साडेचारशे रुपये पाण्यात की तेलात?

होटगीरोडकर, ११ मे, रात्री १०:४०

मंडळी, आधी सगळं सांगून टाकतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, ६८ हजार किलोमीटर झालेली. रोज होटगी रोड ते चिंचोळी एमआयडीसी, जाऊन-येऊन ४०-४२ किलोमीटर. कंपनी १० हजारांवर ऑइल बदला म्हणते, मी इथली धूळ बघून ६ हजारांच्या आसपासच बदलतो. नोव्हेंबरात ऑइल बदलताना चेंबर नटचा (इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा, तेल काढायला उघडतात तो नट) वायसर गेलेला निघाला, नटही कोपरे गोल झालेला. स्पेअरच्या दुकानात नवा घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या पोरानं चुंबकवाला पुढे केला. "सर, हाच घ्या, लोखंडाचा चुरा ओढून घेतो, इंजिनाचं आयुष्य डबल." डबलवर माझा विश्वास नव्हता, पण साडेचारशे दिले. साधा नट शंभराच्या आत आला असता.

आज ६,२०० किलोमीटरनंतर तो पहिल्यांदा उघडला. टोकावर करड्या रंगाची लव उभी होती, अगदी साळिंदरासारखी. घरातल्या जुन्या पांढऱ्या टॉवेलवर पुसली तर काजळ फासल्यासारखा दोन बोटं रुंद डाग पडला. चिमटीत चोळून पाहिलं. खर लागत नाही, लोण्यासारखं मऊ. उन्हात धरल्यावर मात्र एक-दोन बारीक कण चमकले.

तेव्हापासून चैन नाही. इंजिन झिजतंय का? का हे असंच असतं? मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गरज असती तर कंपनीनंच लावून दिलं नसतं का?" मला उत्तर सुचलं नाही.

धोटा, ११ मे, रात्री १०:५२

सोलापूरकरानं धागा काढलाय, आता चादर झाल्याशिवाय कोण उठतंय. चहा ठेवतो.

पार्कचौक, ११ मे, रात्री ११:१५

मेकॅनिक शहाणा आहे, त्याला सोडू नका.

गाडीत ऑइल फिल्टर नावाची वस्तू असते आणि ती याच कामासाठी असते. तुमच्या इंजिनात तीन-सव्वातीन लिटर तेल. गाडी रस्त्याला लागली की पंप ते सगळं मिनिटाला कितीतरी वेळा फिल्टरमधून फिरवतो. तुमचं चुंबक चेंबरच्या एका कोपऱ्यात बसलेलं. त्याच्या अंगावरून जे तेल जाईल त्यातलं, तेही फक्त लोखंड, ते पकडणार. सिद्धेश्वर तलावाच्या एका घाटावर गाळणी धरून बसायचं आणि तलाव साफ केला म्हणायचं, त्यातला प्रकार.

साडेचारशेत दोन ऑइल फिल्टर आले असते. आणि तुमची झोप गेली नसती, हा वेगळा फायदा.

शेंगापोळी, १२ मे, सकाळी ७:०५

पार्कचौकदादा, तलावाची उपमा छान आहे, पण गाळणीची भोकं केवढी ते सांगायचं राहिलं.

आपल्या गाड्यांचे कागदी फिल्टर साधारण २०-३० मायक्रॉनच्या वरचा कण बऱ्यापैकी धरतात. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्याहून बारीक कण फिल्टरमधून आरामात जातो. बेरिंग आणि रिंगांमधला तेलाचा पापुद्रा मात्र काही मायक्रॉनचाच. म्हणजे त्या पापुद्र्याच्या मापाचा जो कण खरवडायचं काम करतो, तोच फिल्टरच्या हातून निसटतो. होटगीरोडकरांना जे काजळासारखं मऊ लागलं ते बहुतेक हेच.

अजून दोन गोष्टी. तेल चेंबरमधून आधी पंपात जातं, फिल्टर पंपाच्या पुढे असतो. पंपाच्या तोंडाला फक्त जाळी, तीही मोठ्या भोकांची. म्हणजे पंप कायम न गाळलेलंच तेल पितो. दुसरं, फिल्टर तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट असलं की आतला बायपास उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं.

म्हणून चुंबक लावलं की इंजिन डबल चालतं का? असं छातीठोक सांगणारा मला फक्त दुकानात भेटलाय, गॅरेजमध्ये नाही. माझ्या दोन्ही गाड्यांना चुंबक आहे, ते मी बघण्यासाठी लावलंय.

आणि होटगीरोडकर, करडी लव म्हणजे घाबरायचं काम नाही. नख लावल्यावर टोचणारी चकती, पापडी, सुईसारखा तुकडा निघाला तर घाबरा.

होटगीरोडकर, १२ मे, सकाळी ७:३०

शेंगापोळीताई, आभार. पण नुसतं बघून काय कळणार? पहिल्यांदाच उघडलंय, जास्त की कमी ते ठरवायचं कशावर?

शेंगापोळी, १२ मे, सकाळी ८:१०

आत्ता काहीच कळणार नाही. टॉवेल फेकू नका. डागाशेजारी तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी शेजारीच पुसा.

हौस असेल तर ऑइल फिल्टरही कापून बघा, पण माझ्यासारखं करू नका. पहिल्यांदा मी हॅकसॉने कापला. आतला कागद पसरला तर घडीघडीत चकाकतं लोखंड! हातपाय गार पडले. नवऱ्याला उठवलं, इंजिन गेलं म्हणून. तो डोळे चोळत आला, फिल्टर बघितला, मग हॅकसॉचं पातं बघितलं आणि परत झोपायला गेला. पत्र्याचा डबा मीच करवतीनं कापला होता, चुरा त्याचाच. आता टिनच्या कटरनं तोंड उघडते.

चिपाड, १२ मे, दुपारी १:२०

साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सध्या ऑफ सीझन, सगळे गिअरबॉक्स उघडे पडलेत, म्हणून लिहायला सवड आहे.

आमच्याकडे चुंबक दोन जागी बसतं आणि दोन्हीकडचं काम वेगळं. केन कॅरिअरच्या, म्हणजे ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या वर मोठा विद्युतचुंबक टांगलेला असतो, उसाबरोबर आलेलं लोखंड श्रेडरमध्ये, म्हणजे हातोड्यांनी ऊस फोडणाऱ्या यंत्रात जायच्या आत उचलायला. काय काय निघतं विचारू नका. बैलगाडीच्या साखळीचे तुकडे, नटबोल्ट, नांगराचा फाळ, आणि कोयते. उसाच्या मोळीत विसरलेला कोयता सीझनमध्ये चुंबकाला लटकलेला दिसला नाही असा महिना जात नाही. हे चुंबक खऱ्या अर्थानं वाचवणारं. कोयता श्रेडरमध्ये गेला तर हातोड्यांचं काय होईल ते विचारूच नका.

दुसरं गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगचं चुंबक. ते वाचवत नाही, ते सांगतं. आमचा जुना फोरमन पाळीला आला की प्लग काढून बोटानं पुसायचा आणि वासही घ्यायचा. लव असली की परत लावायचा. एकदा चुंबकाला तांदळाच्या कणीएवढी पापडी चिकटलेली निघाली. त्यानं मिल थांबवायला सांगितली, वरच्यांनी ऐकलं नाही. नवव्या दिवशी पिनियनचा, म्हणजे छोट्या गिअरचा दात गेला. त्या नऊ दिवसांत तो कुणाशी धड बोलत नव्हता.

गाडीवाल्यांना एवढंच सांगेन की इंजिनापेक्षा गिअरबॉक्सला चुंबकाची किंमत जास्त. तुमच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला फिल्टर असतो का? बहुतेक गाड्यांत नसतो. दात दातावर घासतात, चुरा त्याच तेलात फिरत राहतो, आणि ते तेल लोक वर्षानुवर्षं बदलत नाहीत. म्हणून कितीतरी गिअरबॉक्सला कंपनीच चुंबक देते, कुठे प्लगमध्ये, कुठे आत केसिंगला. ऑटोमॅटिकचा पॅन उघडला की तळाला चुंबकाच्या चकत्या बसवलेल्या दिसतात. तेव्हा तुमच्या मेकॅनिकला सांगा, कंपनी लावते. गिअरबॉक्सला लावते.

पार्कचौक, १२ मे, दुपारी २:०५

गिअरबॉक्सचं मान्य. इंजिनाचं अमान्य. पुढे?

काय_बे, १२ मे, संध्याकाळी ६:४५

मालक, माझं ऐका. चुंबकाचं राहू द्या, नटाच्या आट्याचं बघा आधी.

मागच्या वर्षी मी पण असला चुंबकवाला नट ऑनलाइन मागवलतो. पोराला म्हटलं बसव. पोरगं पान्याला पाइप लावून आवळालालं. म्हटलं बे, बास. म्हणे गळायला नको भैया. पुढच्या ऑइलला नट काढला तर नटासंगं चेंबरचे आटे पण बाहेर, ऍल्युमिनियमची लांब जिलेबी. चेंबर उतरवून लेथवाल्याकडं नेला, मोठं भोक पाडून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्याची तारेची गुंडाळी बसवलं. दोन दिवस गाडी हुबी आणि लई खर्च. चुंबकानं काय पकडलतं? काय नाही. पोराला आट्याची माया नव्हती एवढंच खरं.

शेंगापोळी, १२ मे, रात्री ९:००

हे धाग्यातलं सगळ्यात कामाचं पोस्ट.

मारुतीच्या बऱ्याच इंजिनांना चेंबर नट १४ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) असतो आणि त्याला सुमारे ३५ न्यूटन मीटर एवढं आवळणं पुरतं. टॉर्क रेंच, म्हणजे मोजून आवळायचा पाना, नसेल तर हिशोब सोपा आहे. वीस सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १८ किलोची ओढ. म्हणजे पाइप तर नाहीच, दोन हातही नाहीत. गळती आवळून थांबत नाही, नव्या वायसरनं थांबते. तांब्याचा किंवा ऍल्युमिनियमचा वायसर एकदा दबला की त्याचं काम संपलं, दर वेळी नवा टाकायचा. दहा-वीस रुपयांची वस्तू. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या, टोयोटाच्या कितीतरी गाड्यांना नट १२ चा आणि पिच सव्वाची असते. आटे जुळत नसताना "बसतोय बसतोय" म्हणत फिरवला की काय_बे यांची जिलेबी.

चुंबकाचा दांडा किती लांब आहे तेही बघा. आत पंपाची जाळी किंवा पत्रा जवळ असेल तर लांब दांडा अडतो.

आणि चुंबक आत नुसतं चिकटवलेलं असेल तर घेऊ नका. दाबून किंवा खोबणीत घट्ट बसवलेलं हवं. गरम तेलात डिंक सुटला तर चुंबक चेंबरमध्ये लोळत बसेल. जाळीमुळे पंपात जाणार नाही, पण काढायला चेंबर उतरवावाच लागेल.

होटगीरोडकर, १२ मे, रात्री ९:२०

बापरे. माझं चुंबक कसं बसवलंय मला माहीतच नाही. आता दुसऱ्यांदा झोप गेली.

धोटा, १२ मे, रात्री ९:३१

मालक, तुमच्या झोपेला पण एक चुंबक लावा.

माझ्याकडचा उपाय फुकटचा. जुन्या स्पीकरचं गोल चुंबक काढायचं, ऑइल फिल्टरच्या डब्याला बाहेरून चिकटवायचं. लूमवर काम करणारा आमचा एक जॉबर दहा वर्षं असंच करतोय. गाडी चालतीय. चुंबकानं चालतीय का तशीच चालतीय, ते त्याला पण म्हायती नाही.

शेंगापोळी, १३ मे, सकाळी ६:५०

फिल्टरचा डबा पत्र्याचा म्हणजे लोखंडाचा, तोच चुंबकाची बरीच ओढ स्वतःत घेतो. आत थोडी पोचते. फुकट आहे तर असू दे, फक्त हायवेला गळून पडून दुसऱ्याच्या टायरखाली जाऊ नये एवढं बघा.

गरम तेलावरून आठवलं. नियोडिमियम चुंबकाची जी सर्वसाधारण जात असते ती ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची ताकद गमवायला लागते. इंजिनाचं तेल चालत्या गाडीत ९०-११० अंशांवर सहज असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असताना पुणे रोडला ताणली तर विचारूच नका. दीडशे-दोनशे अंश सोसणाऱ्या नियोडिमियमच्या जाती आहेत, अल्निको जातीचा चुंबक तर त्याहून कितीतरी जास्त सोसतो, पण पाकिटावर कुणी लिहीत नाही.

मी घरी केलेली तपासणी सांगते. नवा नट टाचण्यांच्या वाटीत बुडवायचा, किती उचलल्या मोजायच्या. मग तो अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा, परत मोजायच्या. माझ्या पहिल्या नटानं आधी ३४ उचलल्या, उकळल्यावर १९. तो परत केला. दुसऱ्यानं ३१ आणि ३०. तो अजून गाडीत आहे.

पार्कचौक, १३ मे, सकाळी ९:४०

ताई, तुम्ही नट उकळलात. स्वयंपाकघरात. आता मला काही म्हणायचं नाही.

जुनं_इंजिन, १३ मे, सकाळी ११:३०

उशिरा बघितला धागा. मी रेल्वेत होतो, पुण्याच्या घोरपडी डिझेल शेडमध्ये बरीच वर्षं काढली, आता निवृत्त होऊन सोलापुरातच आहे. चार गोष्टी सांगतो, म्हाताऱ्याची बडबड म्हणून घ्या.

आमच्याकडे डिझेल इंजिनाच्या तेलाचा नमुना ठरल्या मुदतीला प्रयोगशाळेत जायचा. तिथं स्पेक्ट्रोवर तेल जाळून त्यातल्या प्रत्येक धातूचा आकडा काढायचे, दहा लाख भागांत किती भाग. लोखंड, तांबं, शिसं, ऍल्युमिनियम, सिलिकॉन असे रकाने. लोखंड वाढलं तर लायनर-रिंगकडे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीकडे आणि पिस्टनच्या रिंगांकडे बघायचं. तांबं-शिसं वाढलं तर बेरिंग. ऍल्युमिनियम पिस्टनकडे बोट दाखवायचं. आणि आमचे साहेब नेहमी एकच विचारायचे, मागच्या वेळी किती होता? एका आकड्याला कुणी भीक घालत नसे. चढ बघायची.

आता तुमच्या चुंबकाकडे या. या रकान्यांतला ते एकच वाचतं, लोखंडाचा. बेरिंगचा मऊ थर, पिस्टन, गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा, यातलं काही त्याला दिसत नाही. म्हणून होटगीरोडकर, उद्या चुंबक स्वच्छ निघालं तर इंजिन स्वच्छ आहे असं समजू नका. बेरिंग उठलेल्या इंजिनाचं चुंबकही चकचकीत असू शकतं. चुंबकाची एक बाजूही सांगतो. स्पेक्ट्रोला फार बारीक कणच दिसतात, दहा मायक्रॉनच्या पुढचा कण तो जवळजवळ मोजतच नाही. मोठी पापडी आधी दिसते ती चुंबकावर किंवा फिल्टरमध्ये. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये म्हणूनच चुंबकी प्लगला तारा जोडलेल्या असतात. दोन टोकांमध्ये चुरा साचला की वर पायलटसमोर दिवा लागतो.

मुख्य गोष्ट सिलिकॉनची. सिलिकॉनचा आकडा चढला की आम्ही इंजिन उघडायच्या आधी हवेचे फिल्टर आणि पाइप तपासायचो. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ, वाळू. ती चुंबकाला चिकटत नाही, पण रिंग आणि लायनरच्या मध्ये बसून लोखंड खरवडते. ते खरवडलेलं लोखंड मग तुमच्या टॉवेलवर येतं. तुम्हाला चोराचं पाऊल दिसतंय, चोर दिसत नाही.

तुम्ही रोज चिंचोळीला जाता. धाग्यात एवढं सगळं झालं, एअर फिल्टरचं नाव कुणी काढलं नाही. शेवटचा कधी बघितला होता?

होटगीरोडकर, १३ मे, दुपारी १२:१५

काका, खरं सांगू? परवाच ऑइलबरोबर एअर फिल्टरपण साफ करून बसवला. गॅरेजमध्ये हवेची गन मारून दिली.

जुनं_इंजिन, १३ मे, दुपारी १२:४०

कागदाच्या फिल्टरला हवेचा फवारा जवळून मारू नये. कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. हलकं आपटायचं, नाहीतर बदलायचा. असो. पुढच्या वेळी बघा.

काय_बे, १३ मे, दुपारी १:१०

आमच्या नव्या गॅरेजात तर नटच उघडत नाहीत. डिपस्टिकच्या भोकातनं नळी घालून मशीननं तेल वढतात. तिथं चुंबक लावून काय करायचं, आरती?

चिपाड, १३ मे, दुपारी १:३५

बरोबर. उघडून पुसणारा नसेल तर लावू नका. लव साठत जाते, चुंबक झाकलं जातं, मग पुढचा चुरा धरायला ताकद उरत नाही.

---

होटगीरोडकर, १८ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धागा वर काढतोय, माफी.

आज ऑइल बदललं, ५,५०० किलोमीटरवर. टॉवेल घेऊनच गेलो होतो. चुंबकावरची लव मेच्या दुप्पट तरी होती, आणि या वेळी चिमटीत चोळल्यावर जराशी खरही लागली. टॉवेलवर मेच्या डागाशेजारी पुसली. मेचा डाग करडा, आजचा काळा आणि रुंद. टोकाच्या खाचेतलं काही केल्या निघेना, शेवटी घरी येऊन कणकेचा गोळा दाबून काढलं. बायकोनं तो गोळा हातात धरून मला पाच मिनिटं ऐकवलं.

पापडी नव्हती. पण काकांचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून गॅरेजमध्येच एअर फिल्टरचं झाकण स्वतः उघडलं. चार क्लिपांपैकी मागची एक, बॅटरीच्या बाजूची, लागलेलीच नव्हती. नुसती टेकवलेली. त्या कोपऱ्यात फिल्टरची रबराची कड आत दुमडलेली. म्हणजे मेपासून गाडी त्या फटीतून हवा ओढत होती. फिल्टरच्या पलीकडे, जिथं हवा गाळून यायला पाहिजे, त्या पाइपमध्ये बोट फिरवलं. बोटाला मैद्यासारखी बारीक, मातकट धूळ. दाताखाली धरून बघितली, कचकच.

पोराला दाखवलं. तो म्हणाला, "सर, ती क्लिप अवघड जागी आहे." एवढंच.

पाइप पुसून घेतला, नवीन फिल्टर टाकला, चारही क्लिपा स्वतः लावल्या.

पार्कचौक, १८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

हे वाचून उठलो आणि खाली जाऊन माझ्या गाडीचं झाकण बघून आलो. माझ्या सगळ्या लागलेल्या आहेत. तुमच्या धाग्यानं माझी झोप घालवायची होती तीही घालवली.

शेंगापोळी, १९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

बोटाला धूळ लागली, हे महत्त्वाचं. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला बोट फिरवून बघणं याला एक पैसा लागत नाही, आणि ते कुणी करत नाही. मी पण करत नव्हते.

---

होटगीरोडकर, २२ फेब्रुवारी, रात्री ८:३०

शेवटचं पोस्ट. ५,८०० किलोमीटरवर परत उघडलं. लव परत मऊ, मेच्या पहिल्या डागापेक्षाही कमी. टॉवेलवर आता तीन डाग, मधला सगळ्यात काळा. फोटो टाकणार होतो, पण टॉवेल बघून घरात जे झालं त्यानंतर फोटो काढायची हिंमत झाली नाही.

नटाची टाचण्यांची परीक्षाही केली. आधीचा आकडा माझ्याकडे नाही, आता १६ उचलतो. म्हणजे दुकानदारानं बहुतेक साधंच चुंबक विकलं. शेंगापोळीताई, तुमच्यासारखा उकळून तपासलेला नवा घेतोय. चुंबक खोबणीत दाबून बसवलेलं आहे, डिंकाचं नाही, ते आधी बघितलं.

पार्कचौक, २२ फेब्रुवारी, रात्री ८:५५

अभिनंदन, पण वकिली केल्याशिवाय मला राहवत नाही. ऑक्टोबरला तुम्ही फिल्टर बदललात, हे धरलं. तेव्हाच तेलाचा ब्रँडही बदललात, तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं. आता तुम्हीच म्हणता की चुंबक दरम्यान अशक्त झालंय. मग लव कमी निघाली ती धूळ थांबल्यामुळे, नव्या तेलामुळे, की चुंबकाला ओढवत नाही म्हणून? एक गाडी, एक टॉवेल, तीन डाग. यावर मी साडेचारशे देणार नाही.

होटगीरोडकर, २२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. चुंबकाचा मुद्दा तर मला सुचलाच नव्हता.

पण क्लिप सुटलेली होती हे खरं, आणि मी झाकण उघडलं ते डाग काळा आला म्हणून. नाहीतर ती पुढच्या मेपर्यंत तशीच राहिली असती.

जुनं_इंजिन, २२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

पार्कचौक बरोबर बोलतात, पण नवं चुंबक लावून आणखी दोन डाग पडू द्या. पाच डाग झाले की बोलू. टॉवेल जपा.

काय_बे, २२ फेब्रुवारी, रात्री ९:५२

मालक, नवा नट लावताना वायसर नवा. आन् पोराच्या हातातला पाइप आधी काढून घ्या.

धोटा, २२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

त्यो टॉवेल सोलापूरचाच हाय नव्हं? मग पाच काय, पन्नास डाग सोसंल.

चिपाड, २३ फेब्रुवारी, पहाटे ५:४०

सीझन जोरात आहे, नाइट पाळी संपवून लिहितोय. गाडीचं काही सांगायचं नाही. रात्री कॅरिअरच्या चुंबकाला परत एक कोयता लटकला, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेला. गेटवर टांगून ठेवलाय, ज्याचा असेल तो घेऊन जाईल.